आबांचा उजवा पाय

व्यायाम घरात करायचा असतो की घराबाहेर, असा प्रश्न कोल्हापुरात पूर्वी कुणी विचारला असता तर लोकांनी त्याला खुळ्यात काढले असते. जेवण घरात, झोप घरात, भांडण दारात आणि व्यायाम तालमीत, अशी सगळ्या कामांची वाटणी ठरून गेलेली होती. माणूस पहाटे लंगोट खांद्यावर टाकून घराबाहेर पडला, की तो व्यायामाला निघाला हे शेजाऱ्याला सांगावे लागत नसे. पुढे २०२० सालच्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली, तालमींना कुलपे लागली आणि व्यायाम जो घरात शिरला, तो कुलपे निघाल्यावरही पुरता बाहेर गेलेला नाही. आजूबाजूच्या चार घरांत डोकावून पाहा. एका घरात जागच्या जागी फिरणारी सायकल आहे. तिच्यावर सध्या टॉवेल वाळत असतात. दुसऱ्या घरात वजने आहेत. ती दार वाऱ्याने आपटू नये म्हणून कामाला येतात. आमच्या घरी एक जांभळी रबरी सतरंजी आहे. ती पहाटे सहाला टीव्हीसमोर अंथरली जाते आणि पाऊण तास आमच्या बैठकीच्या खोलीची तालीम होते.

या तालमीची मालकीण आमची सौ. तिच्या मनगटाला एक घड्याळ आहे आणि ते वेळेपेक्षा पावलांचा हिशेब जास्त ठेवते. दिवसाला दहा हजार पावले भरली पाहिजेत, असा त्याचा हुकूम. रात्री साडेदहाला तीनशे पावले कमी पडली म्हणून माणसे स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझारा घालताना मी पाहिली आहेत. घरात कुणी आजारी असले तरच पूर्वी माणूस असा फिरत असे. मौज अशी, की हा दहा हजारांचा आकडा कुणा वैद्याने नाडी पाहून काढलेला नाही. १९६५ साली जपानातल्या एका कंपनीने पावले मोजण्याचे एक छोटे यंत्र विक्रीला काढले आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे माप' अशा अर्थाचे ठेवले. यंत्र खपले आणि त्याबरोबर आकडाही खपला. मी हे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "असू दे. तुमच्या शाळेतले पस्तीस मार्क तरी कुठल्या वैद्याने काढलेत?" मी चित्रकलेचा शिक्षक आहे, गणिताच्या वादात मी फार वेळ थांबत नाही.

खरे म्हणजे घरातल्या व्यायामाला नाक मुरडण्याचे आपल्याला काही कारण नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हेच तर सांगितले. पंत राजे होते, चित्रकार होते, म्हणून माझा त्यांच्याकडे ओढा थोडा अधिक. त्यांनी आधी सँडो या युरोपातल्या नामांकित मल्लाच्या पद्धतीने, त्याची साधने आणून, मेहनत करून पाहिली. मग ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि जन्मभर त्याचेच झाले. संस्थानातल्या शाळांतून त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. यंत्र नको, पैसा नको. चार हात लांब आणि दोन हात रुंद जागा असली की झाले. जांभळ्या सतरंजीचे मापही साधारण तेच आहे! पुस्तकात पाहून व्यायाम करणारा मराठी माणूस आजच्या पडद्यापुढे वाकणाऱ्या माणसाचा सख्खा आजोबाच म्हणायचा. तेव्हा भांडण घराशीही नाही आणि सतरंजीशीही नाही.

ते कशाशी आहे, हे मला आबांमुळे कळले.

आबा म्हणजे माझे वडील. वय पंच्याहत्तरच्या पुढे. सगळे आयुष्य मंगळवार पेठेत गेले आणि त्यातले निम्मे तालमीत. तालीम हा शब्द बाहेरगावच्या माणसाला नीट समजावून सांगणे कठीण आहे. तिथे कुस्तीचा आखाडा असतो हे खरे; तांबडी माती, तिच्यात मुरवलेले तेल आणि ताक, कोपऱ्यात मारुती, भिंतीला टेकून ठेवलेल्या करेला, हे सगळे असते. पण तालीम म्हणजे गल्लीची बैठक, गल्लीचा गणपती, गल्लीचे कोर्ट आणि गल्लीचा फुटबॉल संघही असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशी आमच्या गावच्या फुटबॉल संघांची नावे ऐकून परगावचे पाहुणे हसतात. त्यांना ही नावे कुस्तीची वाटतात, आणि ती आहेतही. त्याच अंगणातली पोरे पुढे चेंडूमागे धावू लागली, एवढेच. आमची तालीम कोणती हे मी इथे सांगत नाही. सांगितले तर कोल्हापूरचे निम्मे वाचक हा अंक इथेच मिटून ठेवतील.

आबा तालमीकडून उजव्या बाजूचे बॅक म्हणून खेळत. मोठे खेळाडू नव्हते. पण ज्या पोराला गोल करायला त्यांच्या अंगावरून जावे लागे, ते पोर दुसऱ्या दिवशी हळद लावून हिंडे असे त्यांचे जुने सोबती सांगतात. खेळ सुटल्यावर त्यांनी सामने पाहणे सोडले नाही. हंगामात शाहू स्टेडियमवर ठरलेल्या जागी, ठरलेल्या चौघांत, पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसायचे.

मागल्या वर्षी पावसाळ्यात ते न्हाणीघरात घसरले आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. हाड जुळले, पण माणूस खुर्चीला जुळला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितले, की खुर्चीत बसून उजवा पाय गुडघ्यातून सरळ पुढे न्यायचा, पाच आकडे धरायचा, खाली आणायचा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाई आठवड्यातून दोनच दिवस येणार. बाकीच्या दिवसांसाठी माझ्या लेकीने, जी आठवीत आहे, टीव्हीवर एक चित्रफीत शोधून दिली. कुणी एक परदेशी बाई प्रसन्न मुद्रेने खुर्चीत बसून पाय वर-खाली करते आणि दर चार वेळांनी 'शाब्बास, फार छान' असे इंग्रजीत म्हणते.

आबांनी पहिल्या दिवशी पाय दोनदा उचलला. तिसऱ्या वेळेस उचललाच नाही. बाई पडद्यावरून म्हणाल्या, "शाब्बास!"

"कुणाला म्हणतीया?" आबांनी विचारले.

"तुम्हालाच," लेक म्हणाली.

"मी तर पाय हलवला न्हाई. हिला मी दिसतोय व्हय?"

"नाही आबा. ती सगळ्यांनाच म्हणते."

"मग ती शाब्बास न्हवं. तो रामराम झाला," असे म्हणून त्यांनी पाय खाली ठेवला, तो संध्याकाळपर्यंत उचलला नाही.

आम्ही हसलो. पण माझ्या मनातून ते वाक्य जाईना. आबांच्या वस्तादांना मी लहानपणी पाहिले आहे. कोपऱ्यात पाय दुमडून बसत. तोंडाने बोलत नसत. साठ पोरे जोर मारीत असत आणि त्यांतल्या एकाची कोपरे नीट वाकली नाहीत, तर वस्तादांची भुवई हले. ती भुवई त्या पोराला घामातूनही दिसे. शाब्बासकी वर्षातून एकदा. तीही पाठीवर इतकी जोरात, की मार खाल्ला की कौतुक झाले ते कळायला वेळ लागे. मेहनत अंगाची खरी, पण ती वस्तादांच्या डोळ्यांपुढे होत असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेले आमचे खासबाग मैदान पाहा. बशीसारखे मैदान, कुठेही बसा, मधला आखाडा सारखाच दिसतो. आपण म्हणतो, ही सोय प्रेक्षकांची. मला वाटते पैलवानाचीही आहे. आत उभा राहिला की चहूंकडून आपल्याला लोक पाहत आहेत, हे त्याला पाठीमागे डोळे नसूनही कळते.

पडद्याकडे आपण पाहतो, पडदा आपल्याकडे पाहत नाही. एवढाच फरक, पण माणूस मोडला की हा फरक डोंगराएवढा होतो.

पडद्याची निंदा मात्र कोल्हापूरकराला शोभत नाही, हेही लगेच सांगून टाकतो. बाबूराव पेंटरांनी इथेच आपल्या हातांनी कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. 'प्रभात' कंपनी १९२९ साली इथेच उभी राहिली आणि मग पुण्याला गेली. आमच्या गावात प्रत्येक तिसऱ्या म्हाताऱ्याने कोणत्या तरी ऐतिहासिक चित्रपटात मावळ्याचे काम केलेले असते. पण त्या काळचा पडदा हा चारशे माणसांत पाहायचा पडदा होता. नायक संकटात सापडला की शेजारच्या अनोळखी माणसाचा श्वास अडकलेला ऐकू येई. पडदा पाहत नव्हता, हे तेव्हाही खरे. पण माणसे एकमेकांना दिसत होती. आता आमच्या घरात चार माणसे आणि पाच पडदे आहेत. एकाच खोलीत बसून सौ. मालिका पाहते, लेक गोल पाहते, मी बातम्या पाहतो, आणि प्रत्येकाच्या कानात आपापले बोंडूक असल्यामुळे घरात स्मशानशांतता असते. मध्येच कुणी तरी एकटेच हसते. या हसण्याची मला भीती वाटते.

फुटबॉलने मात्र माझे हे रडगाणे अनेकदा खोटे पाडले आहे. १९९० साली मी दहा वर्षांचा होतो. विश्वचषकाचा पहिलाच सामना, मॅराडोनाचा अर्जेंटिना आणि कॅमेरून. गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांनी तो खिडकीत आणून ठेवला होता आणि रस्त्यावर पोती टाकून सगळी गल्ली बसली होती. कॅमेरूनचे दोन गडी पंचांनी बाहेर काढले, नऊच उरले, आणि तरी त्यांनी जगज्जेत्यांना एक-शून्याने हरवले. कॅमेरून कुठे आहे, हे त्या रात्री गल्लीत कुणालाही ठाऊक नव्हते. सकाळी शाळेत गुरुजींनी नकाशा उघडून दाखवला. भूगोलाचा तेवढा एकच धडा माझ्या कायमचा लक्षात आहे.

आता तर विश्वचषक आला की पेठा वाटून घेतल्या जातात. ही गल्ली ब्राझीलची, ती अर्जेंटिनाची. घरांवर परक्या देशांचे झेंडे, चौकात मेस्सीचे आणि नेमारचे माणसापेक्षा मोठे फलक. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री कतारमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स तीन-तीन बरोबरीत राहिले आणि पेनल्टीवर अर्जेंटिना चार-दोनने जिंकली, तेव्हा आमच्या चौकात दिवाळीत उडाले नव्हते इतके फटाके उडाले. लेक माझ्या गळ्यात पडून रडली. मेस्सीला आमची गल्ली ठाऊक नाही, कधी ठाऊक होणार नाही. याचे तिला काहीच वाटत नव्हते. कुणी म्हणेल, हे वेड आहे. मला तसे वाटत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी आपल्या आनंदाला आपल्या गावाबाहेरचे एखादे नाव असावे, हे चांगलेच आहे. परत काही मिळणार नाही हे माहीत असून जीव लावायला मुले कुठे तरी शिकतातच. ते फुटबॉलवर शिकली तर फारसे बिघडत नाही.

शिवाय पडदा कधी कधी विसरलेले देणेही फेडतो. १९४८ साली लंडनला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि दोन पेनल्टी हुकून फ्रान्सकडून दोन-एकने हरले. १९५६ साली मेलबर्नला नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि आपण ऑलिंपिकमध्ये चौथे आलो. १९६२ साली रहीमसाहेबांच्या हाताखाली जाकार्ताला आशियाई सुवर्ण मिळाले. हे माझ्या वर्गातल्या पोरांना मी किती वर्षे सांगत होतो! त्यांचा विश्वास बसला तो २०२४ साली 'मैदान' चित्रपट आल्यावर. गुरुजी सांगतात ती गोष्ट आणि अजय देवगण सांगतो तो इतिहास, अशी सध्याची रीत आहे. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'नेही नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना पाहायला लावले. पाहायला लावले, हेच महत्त्वाचे. ती पोरे त्याआधीही तिथेच होती.

आणि एक पोर आमच्या डोळ्यांदेखत पडद्यावर गेला. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो दिसला की गल्लीतले लोक टीव्हीशी बोलत. 'अरे डावीकडे दे!' दिल्लीत चालू असलेल्या खेळाला कोल्हापुरातून सूचना! मेस्सीला आम्ही सूचना करत नाही. त्याची फक्त आरती करतो. आपल्या माणसाला मात्र ऐकू जाईल, असे वाटते.

शाहू स्टेडियमवर ते खरेच ऐकू जाते. तिथला फुटबॉल युरोपातल्या फुटबॉलशेजारी ठेवून पाहू नये. चेंडू हवेत जास्त, जमिनीवर कमी. पण गोलरक्षकाला मागून त्याचा चुलता हाक मारतो, आणि गोलरक्षक मान वळवून 'गप बसा' म्हणतो! असा खेळ जगात फार ठिकाणी उरलेला नसेल. याच जवळिकीची एक ओंगळ बाजूही आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. तालमीचे वैर मैदानात उतरते, दगड येतात, पोलीस येतात, सामना थांबतो. सोमवारी वर्गात डोक्याला पट्टी बांधलेला मुलगा बसलेला असतो आणि त्याच्याशेजारी ज्याच्या भावाने ती पट्टी बांधायला लावली तो मुलगा. मी दोघांना एकाच कागदावर चित्र काढायला देतो. याने फरक पडतो असा माझा दावा नाही. पण कागद एक असला की निदान रंगांच्या डब्या एकमेकांना द्याव्या लागतात. ईर्षेशिवाय तालीम नाही, हे आबांचे म्हणणे मला मान्य आहे. दगडाशिवाय ईर्षा नाही, हे त्यांच्या काही दोस्तांचे म्हणणे मला कधीही मान्य होणार नाही.

तर असे हे आबा, खुब्याचे हाड मोडल्यावर, गेल्या हंगामात पहिल्यांदाच घरी राहिले. आमच्या गावचे सामने हल्ली यूट्यूबवर घरबसल्या पाहता येतात. लेकीने तेही टीव्हीवर लावून दिले. आम्हाला वाटले, झाली सोय. पण एक विचित्र गोष्ट झाली. आमचे घर स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि पडद्यावरचा खेळ खऱ्या खेळापेक्षा अर्धा मिनिट मागे असतो. त्यामुळे मैदानावर गोल झाला की त्याची आरोळी आधी खिडकीतून येते, आणि पडद्यावर अजून चेंडू मधल्या रेषेजवळ रेंगाळत असतो. पुढे काय होणार हे ठाऊक असून ते पाहत बसायचे! सौ. म्हणाली, खिडकी लावून घेऊ. आबा म्हणाले, "खिडकी ऱ्हाऊ दे. त्याचा आवाज बंद कर."

तेव्हापासून आमच्या घरी सामना असा होतो. पडदा मुका, खिडकी सताड उघडी. आबांची खुर्ची पडद्याकडे पाठ करून खिडकीजवळ. आरोळी आली की ते डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात, "कॉर्नर." "पंचाला शिव्या." "हुकला. बारला लागला आसंल." आरोळीच्या पोतावरून गोल आपला की परका हे त्यांना कळते, मग अर्ध्या मिनिटाने लेक पडद्याकडे पाहून निकाल जाहीर करते. बहुतेक वेळा म्हातारा बरोबर असतो. मी कादंबऱ्या लिहितो, कल्पनेने माणसे चालती-बोलती करणे हा माझा उद्योग. पण नुसत्या आवाजावरून बावीस माणसे पळवताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेले नाही.

अशाच एका उपांत्य सामन्यात, शेवटच्या काही मिनिटांत, बाहेरून एक लांबच लांब, चढत जाणारी आरोळी आली. आमचा कुणी तरी चेंडू घेऊन सुटला होता. आबा खुर्चीत पुढे सरकले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्यातून सरळ पुढे गेला, बाईंनी सांगितला होता तसाच, त्यापेक्षाही वर, आणि तिथेच राहिला. लेकीने माझा दंड धरला. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. एक, दोन, तीन... आरोळी फुटली नाही, विरून गेली. पाय अकराला खाली आला.

"वाया घालवला लेकाच्यानं," आबा म्हणाले.

"आबा, अकरा!" लेक म्हणाली.

त्यांना काहीच कळले नाही. तिने सांगितले तेव्हा त्यांनी आपल्या पायाकडे जरा संशयाने पाहिले, जणू दुसऱ्या तालमीचा गडी आपल्याकडून खेळून गेला. मग हळूच विचारले, "तू बघितलंस?"

"मी मोजलं ना!"

तेव्हापासून ती परदेशी बाई आमच्याकडे येईनाशी झाली. सकाळी शाळेच्या आधी लेक आबांसमोर जमिनीवर मांडी घालून बसते आणि मोजते. शाब्बास म्हणत नाही. पाय वाकडा गेला तर 'फाउल' म्हणते. आबा तिला 'वस्ताद' म्हणू लागले आहेत. वॉकर सुटून हातात काठी आली आहे. दिवाळी झाली की हंगामाचे वेध लागतील. त्या ठरलेल्या चौघांपैकी दोघे आता उरलेले नाहीत. तिसऱ्याने परवा निरोप धाडला, की पायरीवर वर्तमानपत्र आपण आणू.

मैदानावर जायचे असे आबा अजून एका शब्दाने बोललेले नाहीत. आम्हीही विचारत नाही. लेक मात्र मागल्या रविवारी सायकलवरून स्टेडियमवर जाऊन, त्यांच्या जागेपर्यंतच्या पायऱ्या मोजून आली आहे. तो आकडा तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे, आणि आबांना न सांगता रोजच्या मोजणीत एकेक वाढवत ती तिकडे चालली आहे.